माघारीची तारीख आणि इराकची कादंबरी

युद्धाच्या बातम्यांतले शब्द निरपराध नसतात. परक्या मुलुखात गेलेली फौज परत बोलावण्याला मराठी वर्तमानपत्रे 'सैन्यमाघारी' म्हणतात. माघार म्हटली की हार आली, पाठ दाखवणे आले. उर्दू अखबार याच गोष्टीला 'इन्खला' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'खला' आहे, म्हणजे रिकामी जागा. मराठी शब्द जाणाऱ्याकडे पाहतो, उर्दू शब्द तो गेल्यावर रिकाम्या होणाऱ्या जागेकडे पाहतो. वर्गात शब्दार्थ शिकवताना एवढे सांगून थांबता येते. परंतु इराकच्या युद्धाबद्दल बोलताना हा फरक केवळ शब्दकोशाचा राहत नाही.

शब्दांवरून आपल्या संसदेतही ओढाताण झाली होती. ८ एप्रिल २००३ रोजी, बगदाद पडण्याच्या आदल्या दिवशी, लोकसभेने इराकवरील हल्ल्याविरुद्ध ठराव संमत केला. हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द होता, इंग्रजीत त्याचा सौम्य 'डिप्लोर' झाला. त्याच ठरावात आघाडीच्या फौजा लवकर परत जाव्यात अशीही मागणी होती. ती मागणी बाजूला पडली आणि पुढची आठ-नऊ वर्षे 'फौजा केव्हा परतणार' या प्रश्नावर खरे भांडण झाले ते वॉशिंग्टनमध्ये. त्या भांडणाची भाषा, त्यातून आलेले अमेरिकन साहित्य आणि त्याच काळाबद्दल इराकी लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचा येथे प्रयत्न आहे. ही वाचणी आपल्या, म्हणजे मराठी मुस्लिम लेखनालाही काही अडचणीचे प्रश्न विचारते.

आधी ते भांडण पाहू. १७ नोव्हेंबर २००५ रोजी पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅट प्रतिनिधी जॉन मूर्था यांनी सैन्य परत आणण्याची मागणी केली. मूर्था व्हिएतनाममध्ये लढलेले मरीन होते आणि २००२ मध्ये त्यांनी युद्धाच्या बाजूने मत दिले होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होते. दुसऱ्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाने 'ताबडतोब माघार' असा स्वतःचाच ठराव प्रतिनिधीगृहात आणला, तो पडावा म्हणूनच. ४०३ विरुद्ध ३ मतांनी तो पडला. मूर्था यांनीही विरोधी मत दिले, कारण तो त्यांचा ठराव नव्हताच. सभागृहात भित्रेपणाचे आरोप झाले, आरडाओरड झाली.

याच आठवड्यात, १९ ते २१ नोव्हेंबरला, कैरो येथे अरब लीगच्या पुढाकाराने इराकचे शिया, सुन्नी आणि कुर्द नेते एकत्र बसले होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या मंडळींच्या अंतिम निवेदनात परकीय फौजांच्या माघारीचे वेळापत्रक मागितले होते. वॉशिंग्टनच्या भांडणात या निवेदनाला जवळजवळ काहीच किंमत मिळाली नाही.

दोन वर्षांनी हेच पुन्हा घडले. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने युद्धखर्चाच्या विधेयकाला माघारीचे वेळापत्रक जोडले. प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २०८ आणि सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४६ अशी मते पडली. १ मे रोजी अध्यक्ष बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. बरोबर चार वर्षांपूर्वी, १ मे २००३ रोजी, 'मोहीम फत्ते' अशा अर्थाच्या फलकाखाली विमानवाहू जहाजावर त्यांचे भाषण झाले होते. नकाराधिकारानंतर काही दिवसांतच इराकी संसदेतील २७५ पैकी १४४ सदस्यांनी सह्या करून माघारीचे वेळापत्रक मागितले. म्हणजे निम्म्याहून अधिक संसद. लोकशाही द्यायला गेलो असे म्हणणाऱ्यांनी त्या लोकशाहीचे पहिले मोठे वाक्य ऐकायला हवे होते. सप्टेंबर २००६ मधील एका जनमत चाचणीत दहापैकी सात इराकींनी फौजा वर्षभरात जाव्यात असे सांगितले होते. तेही कानाआड गेले.

त्याऐवजी काँग्रेसने मे २००७ च्या कायद्यात इराकी सरकारसाठी अठरा निकष घातले. सप्टेंबरमध्ये त्यांची तपासणी झाली: तीन पूर्ण, चार अर्धवट, अकरा नापास. हे वाचताना शिक्षकाला प्रगतिपुस्तकच आठवते. फरक इतकाच की या शाळेत विद्यार्थ्याने शिक्षकाला बोलावलेले नव्हते. 'इराकी उभे राहतील तसतसे आम्ही बाजूला होऊ' असे बुश म्हणत होते. 'आम्ही बाजूला झालो तरच ते उभे राहतील' असे विरोधक म्हणत होते. वाद कडवा होता, प्रामाणिकही होता, कारण शवपेट्या खरोखरच अमेरिकेत परत येत होत्या. परंतु तारीख ठरवण्याचा हक्क आपला आहे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते.

या वादात साहित्यही ओढले गेले. २२ ऑगस्ट २००७ रोजी कॅन्सस सिटी येथे माजी सैनिकांसमोर बोलताना बुश यांनी व्हिएतनामचा दाखला दिला. अमेरिका निघून गेल्यावर तिथल्या निरपराधांनी काय भोगले ते सांगितले आणि ओघात ग्रॅहम ग्रीनच्या १९५५ च्या 'द क्वाएट अमेरिकन' या कादंबरीचे नाव घेतले. तिच्यातला ऑल्डन पाइल हा सद्हेतूने अनर्थ करणारा अमेरिकन तरुण. असे लोक धोकादायक भोळे असतात, हा ग्रीनचा युक्तिवाद माघारवाद्यांनी उचलला आणि त्याची किंमत व्हिएतनामी जनतेने मोजली, असा बुश यांचा रोख होता. सत्तेवरच्या माणसाने कादंबरीवर समीक्षा करावी ही दुर्मीळ गोष्ट आहे. म्हणून तिचे उत्तरही समीक्षेनेच दिले पाहिजे.

ग्रीनची कादंबरी माघार केव्हा घ्यावी हे सांगतच नाही. ती विचारते की पाइल तिथे आलाच कशाला. पुस्तकांत वाचलेल्या 'तिसऱ्या शक्ती'च्या सिद्धान्तापायी तो स्फोटके पुरवतो आणि सायगावच्या चौकात बायका-मुले मरतात. परंतु कादंबरीतले याहून बोलके दृश्य वेगळे आहे. पाइल आणि कथन करणारा ब्रिटिश पत्रकार फाउलर हे दोघेही फुआँग या व्हिएतनामी तरुणीवर हक्क सांगतात. पाइलला फ्रेंच धड येत नाही, म्हणून त्याची लग्नाची मागणी तिच्यापर्यंत पोचवण्याचे दुभाष्याचे काम फाउलरलाच करावे लागते. तिचे भले कशात आहे यावर दोन गोरे पुरुष तिच्यादेखत वाद घालतात. फुआँग फार थोडे बोलते. ग्रीनने तिच्या मनात शिरण्याचा फारसा यत्नही केलेला नाही आणि ही त्या चांगल्या कादंबरीतली उणीवच आहे. २००५ ते २०११ चा माघारीचा वाद म्हणजे पाइल आणि फाउलर यांचाच वाद होता. बुश यांनी पाइलची बाजू घेतली, विरोधकांनी फाउलरची. फुआँगला दोघांनीही वाचले नाही.

यानंतर आलेल्या अमेरिकन कथा-कादंबऱ्यांनी आपल्या राजकारण्यांपेक्षा अधिक प्रामाणिकपणा दाखवला, हे मान्य केले पाहिजे. बेन फाउंटन यांच्या 'बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक' (२०१२) या कादंबरीत चकमकीत नाव कमावलेल्या तुकडीला मायदेशी मिरवले जाते. टेक्सासमधल्या फुटबॉलच्या मैदानावर मध्यंतरात नाचगाण्याच्या गदारोळात तिला उभे केले जाते. लोक हात हातात घेऊन आभार मानतात. त्यानंतर तुकडीला पुन्हा इराकला जायचे आहे. बिलीची बहीण त्याला जाऊ नकोस म्हणून विनवते. संसदेत ज्या प्रश्नावर मते मोजली जातात तोच प्रश्न इथे एका एकोणीस वर्षांच्या पोरासमोर येतो, आणि त्याला मतदानाने उत्तर देता येत नाही.

फिल क्ले हे स्वतः मरीन. त्यांच्या 'रिडिप्लॉयमेंट' (२०१४) या कथासंग्रहाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. शीर्षकाचा शब्द मूर्था आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्याच तोंडचा. 'माघार' म्हणायचे नाही म्हणून 'फेरतैनाती'. क्ले दाखवतात की परतलेल्या शिपायाची तैनाती खरोखरच संपत नाही. तो बायकोबरोबर दुकानात गेला तरी त्याची नजर धोका हुडकत राहते. एका कथेत अमेरिकेतल्या एका धनिकाच्या हट्टापायी इराकी मुलांसाठी बेसबॉलचे गणवेश येऊन पडतात आणि ते खपवण्याची जबाबदारी एका नागरी अधिकाऱ्यावर येते. पुनर्रचनेची इतकी कडवट थट्टा एखाद्या अहवालात सापडणार नाही. तरीही या पुस्तकांतला इराकी माणूस बहुधा दुभाषा असतो, संशयित असतो, नाहीतर प्रेत. तो वाक्याचा कर्ता क्वचितच होतो. सैनिक घरी आला की गोष्ट घरची होते. 'इन्खला'नंतरच्या जागेत काय उरले हे सांगणे त्या लेखकांच्या हातात नाही. ते सांगायला तिथलाच लेखक हवा.

सिनान अंतून यांचा जन्म १९६७ चा, बगदादचा. १९९१ नंतर त्यांनी देश सोडला. त्यांची अरबी कादंबरी २०१० साली आली. शीर्षकाचा भावार्थ 'एकटे डाळिंबाचे झाडच' असा. 'द कॉर्प्स वॉशर' हा तिचा इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतःच केला. नायक जवाद बगदादच्या काजिमिया भागातल्या शिया कुटुंबातला. मय्यतीला गुस्ल देणे, कफन घालणे हा बापजाद्यांचा पेशा. जवादला तो नको आहे, त्याला शिल्पकार व्हायचे आहे. भाऊ इराणविरुद्धच्या युद्धात गेलेला. मग निर्बंधांची वर्षे, मग २००३. बापानंतर शेवटी तोच गुस्लखान्यात उभा राहतो. गुस्लाचे पाणी वाहत जाऊन बाहेरच्या डाळिंबाच्या मुळाशी मुरते आणि झाड बहरते.

इतर वाचकाला या कादंबरीत तपशील समजून घ्यावे लागतील, आपल्याला ते समजावून सांगावे लागत नाहीत. पाण्यात बोरीचा पाला, कापूर, उजव्या अंगापासून सुरुवात, हे आपण घरोघरी पाहिलेले असते. म्हणूनच ही कादंबरी आपल्या मनावर अधिक जोराने आघात करते. सामरा येथील अस्करी दर्ग्यावर २२ फेब्रुवारी २००६ रोजी स्फोट झाला आणि शिया-सुन्नी कत्तलींना ऊत आला. तेव्हा जवादकडे येणाऱ्या मय्यतींची संख्या वाढते. कधी पूर्ण देह येतो, कधी केवळ शिर. शरियतीने सांगितलेला क्रम ज्या देहाला लावायचा तो देहच अपुरा असेल तर काय करायचे? हा मसला फिकहच्या पुस्तकातला वाटतो, पण अंतून यांनी त्यातून एका देशाची अवस्था मांडली आहे. आणि ज्यांनी हे देह तोडले ते सगळे अमेरिकन नव्हते.

कादंबरीच्या अखेरीस जवाद देश सोडून जॉर्डनला निघतो. सरहद्दीवरून त्याला परत पाठवले जाते. वॉशिंग्टनमध्ये ज्या शब्दावर एवढी मते मोजली गेली तो शब्द इथे एकदम उलटा होतो. सैनिकाला माघार आहे, जवादला नाही. या एका प्रसंगाचे वजन अठरा निकषांच्या अहवालापेक्षा अधिक आहे.

अहमद सादावी यांची 'फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद' ही कादंबरी अरबीत २०१३ साली आली. २०१४ चे अरबी कादंबरीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक तिला मिळाले. काळ २००५ चा, म्हणजे मूर्था यांच्या भाषणाचाच. बतावीन मोहल्ल्यातला हादी हा भंगारवाला स्फोटांत विखुरलेले अवयव गोळा करून शिवतो, एक अखंड प्रेत बनवतो. हेतू साधा आहे: या तुकड्यांना कचरा न समजता माणसासारखे दफन मिळावे. स्फोटात मेलेल्या एका पहारेकऱ्याचा भटकता रूह त्या देहात शिरतो. तो देह उठतो आणि ज्यांचे ज्यांचे अवयव त्याला लागले आहेत त्यांच्या खुनाचा बदला घेऊ लागतो. बदला पुरा झाला की तो अवयव सडून गळतो, नवा लावावा लागतो. हळूहळू गुन्हेगारांचे अवयवही त्याला लागतात आणि निष्पाप कोण, गुन्हेगार कोण हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. शेजारी एक म्हातारी ख्रिस्ती बाई आहे. इराण-इराक युद्धात बेपत्ता झालेल्या मुलाची ती वीस वर्षे वाट पाहते आहे.

अमेरिकन सैनिक या कादंबरीच्या कडेने वावरतात. लेखकाने त्यांना माफ केलेले नाही. पण त्यांच्यावर सगळे ढकलून तो मोकळाही झालेला नाही. प्रत्येक सूड न्यायाच्या नावाने सुरू होतो आणि नव्या मांसाची मागणी करतो, हे तो आपल्याच लोकांना सांगतो आहे. व्याप्त देशात राहून हे लिहायला केवढी हिंमत लागली असेल!

इतिहासाने माघारीच्या दोन्ही पक्षांना पुरावे दिले. नोव्हेंबर २००८ च्या करारानुसार ३० जून २००९ ला अमेरिकी लढाऊ फौजा शहरांबाहेर गेल्या, १८ डिसेंबर २०११ ला शेवटची तुकडी कुवेतमध्ये उतरली. इराकींनी शहरे मोकळी झाल्याचा दिवस साजरा केला. १० जून २०१४ ला मोसुल 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडले आणि अमेरिकी सैनिक पुन्हा आले. 'लवकर निघालात म्हणून' असे एक बाजू म्हणाली, 'गेलातच म्हणून' असे दुसरी. इराकीही एकमताचे नव्हते. २०२० च्या जानेवारीत संसदेने परकीय फौजा घालवण्याचा ठराव केला तेव्हा बहुतेक कुर्द आणि सुन्नी सदस्य सभागृहात आलेच नाहीत. शेजारच्या अफगाणिस्तानात तर २९ फेब्रुवारी २०२० चा माघारीचा दोहा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यात झाला, काबूलच्या सरकारची त्यावर सहीच नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडले. तारीख दुसऱ्यांनी ठरवावी आणि हिशोब तिथल्यांनी चुकता करावा, हा धडा दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

हा धडा आपल्याला नवा नाही. २० फेब्रुवारी १९४७ रोजी अ‍ॅटली यांनी ब्रिटिश सत्ता जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडील असे जाहीर केले. पुढे ती तारीख १५ ऑगस्ट १९४७ वर आणली गेली आणि सरहद्दीची रेघ त्यानंतर दोन दिवसांनी लोकांना कळली. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' ही कथा या घाईवरचीच आहे. दोन सरकारांनी अदलाबदलीचा दिवस ठरवला आणि बिशन सिंग कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळला. जवाद त्याच घराण्यातला आहे. मंटो वाचलेल्या माणसाला अंतून परका वाटणार नाही.

आता आपल्या पानांकडे वळू. २००३ नंतर मराठी मुस्लिम लेखकांनी बगदादवर कविता लिहिल्या, लेख लिहिले. संताप खरा होता. परंतु त्यातले बगदाद बहुतेक वेळा अब्बासी खलिफांचे होते, ग्रंथालयांचे होते, आणि हल्लेखोर हमखास हुलागू होता. हुलागूची उपमा सोपी आहे, कारण ती १२५८ मधून उचलून २००३ वर ठेवता येते आणि मधली साडेसातशे वर्षे लिहावी लागत नाहीत. तिच्यात सद्दामची तुरुंगखानी येत नाही, इराणविरुद्धची आठ वर्षे येत नाहीत, सामरानंतरची रात्र येत नाही. बतावीनचा भंगारवाला आणि त्याची ख्रिस्ती शेजारीण तर येऊच शकत नाहीत. आपल्या कवितेतला इराकी शहीद असतो, तर अमेरिकन कथेतला इराकी संशयित असतो. दोन्हीकडे त्याला नाव नसते. आपले प्रेम आणि त्यांचा संशय यांत नैतिक फरक मोठा आहे, पण वाङ्मयीन दोष एकच आहे.

काहीजण म्हणतील की जखमी उम्मतीच्या चुका दाखवण्याची ही वेळ नव्हे, शत्रूला हत्यार मिळेल. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे मुसलमानांविरुद्ध बोलण्यासाठी निमित्त शोधणारे कमी नाहीत आणि शिया-सुन्नी रक्तपाताच्या बातम्या ते मिटक्या मारीत वाचतात, हे रोज दिसते. तरीही सादावी, अंतून यांनी ही भीती आपल्यापेक्षा जास्त जवळून पाहिलेली आहे. त्यांच्या दारात रणगाडा होता. ते गप्प बसले नाहीत, आणि त्यांच्या कादंबऱ्या वाचून आक्रमकाची बाजू बळकट होत नाही, उलट ती अधिक उघडी पडते. कारण पूर्ण माणूस दिसला की त्याच्या देशाची तारीख दुसऱ्याने ठरवण्यातली निर्लज्जता आपोआप दिसते. निष्कलंक शहीद दाखवून ते होत नाही.

या भूमीशी आपले नाते केवळ भावनेचेही नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या मेसोपोटेमिया मोहिमेत मराठा पलटणी लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. त्या पलटणींत दख्खनी मुसलमान शिपाईही होते. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी जाहीर केले होते की आम्ही जिंकायला नव्हे, मुक्त करायला आलो आहोत. १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला, पण १९३० च्या करारान्वये ब्रिटिश हवाई तळ राहिले. ते तळ पुढे चालू ठेवू पाहणाऱ्या १९४८ च्या पोर्ट्‌स्मथ कराराविरुद्ध बगदादच्या रस्त्यांवर तरुण मेले. त्यांत महंमद महदी अल्-जवाहिरी या थोर कवीचा भाऊ जाफर होता आणि त्याच्यावरचा मर्सिया अरबी कवितेत अमर झाला. 'मुक्ती', 'करार', 'माघार' हे शब्द इराकी साहित्याने शंभर वर्षे तपासून पाहिले आहेत.

आपल्या समाजात अरबी शिकलेले लोक गावोगाव आहेत. त्यांची अरबी बहुधा मदरशात आणि मिंबरवर थांबते, अरबी कादंबरीपर्यंत पोचत नाही. मराठीत लिहिणारे आपण अरबी कादंबरीकडे वळतो तेही बहुधा इंग्रजीच्या खिडकीतून. हे दोन गट एका टेबलाशी बसले तर जवाद आणि हादी थेट मराठीत येऊ शकतील, आणि त्यांच्या मराठीत गुस्ल, कफन, रूह, मय्यत हे शब्द तळटीप न देता छापता येतील. पुढच्या युद्धात, पुढच्या माघारीवर आपण लेख लिहू तेव्हा तारखेवरचे भांडण कोण जिंकले एवढेच त्यात असू नये. फौज गेल्यावर त्या गल्लीत कोण राहिले, त्याचे नाव काय, पेशा काय, आणि त्याला सरहद्दीवरून कोणी परत पाठवले, हेही त्यात असले पाहिजे.